जुना डबा, फुकटचे गेम आणि चार गडी: तुमची जुळणी सांगा

खटपट्या
कपाट आवरताना क्वेक ३ ची ओरखडे पडलेली सीडी सापडली. ती घालायला आता ड्राइव्ह कुठल्याच मशीनला नाही, पण गेम मेलेला नाही. १९९९ च्या त्या गेमचा सोर्स २००५ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि त्यावर ओपनअरेना हा फुकटचा गेम उभा राहिला. म्हटलं धागा काढू.

माझं मत आधीच देतो, म्हणजे भांडायला बरं. सिस्टीम आपण निवडतो असं वाटतं, खरं तर ती गेमचं अँटीचीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) निवडतं. व्हॅलोरंट, फोर्टनाइट हवं तर विंडोज, विषय संपला. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालायचा, ऑक्टोबर २०२४ अखेर तेही दार बंद झालं. सीएस २, डोटा २, टीम फोर्ट्रेस २ लिनक्सवर थेट चालतात. झोनोटिक, सुपरटक्सकार्ट, ०एडी, वेसनॉथ, हेजवॉर्स, ओपनटीटीडी या फुकटच्या गेमना तर खाली कुठली सिस्टीम आहे याने काही फरक पडत नाही.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आधीचे डबे भंगारात जायच्या लायकीचे नाहीत. मशीन, सिस्टीम, गेम आणि गाडी कुठे अडली, एवढं लिहा.

रातकिडा
दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर असतील तर स्टीमची (गेमच्या दुकानाची) लायब्ररी एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीच्या) पार्टिशनवर ठेवून दोन्हीकडून वापरायचा मोह टाळा. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी खोटा सी ड्राइव्ह बनवतो, त्यात नावात कोलन (:) असलेल्या लिंक असतात. विंडोजला ते नाव चालत नाही. डिस्क तपासणी झाली की त्या उडतात आणि गेम 'सुरू होतोय' म्हणत गप्प बसतो. लिनक्सचे गेम एक्स्ट४ (लिनक्सच्या पद्धतीच्या) पार्टिशनवर, बाकी फोटोबिटो कुठेही.

दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोपच, आणि लिनक्सला ते पार्टिशन फक्त वाचायला मिळतं. मग 'डिस्कवर लिहिता येत नाही' म्हणून लोक डिस्क बदलायला निघतात.

भुईचक्र
अर्धी झोप 😂 आमच्याकडे सगळ्यांचंच तसं आहे.

कोपऱ्यातली
घड्याळाचं राहिलं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स त्याला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. सिस्टीम बदलली की वेळ काही तास पुढे-मागे. गेममध्ये लॉगिनच होत नाही, कारण चुकीच्या वेळेमुळे सर्टिफिकेट अवैध ठरतं, आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेच्या 'सेट-लोकल-आरटीसी' ला १ द्या. दोन्हीकडे बदलू नका, एकीकडेच. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

तिरकीरेघ
"लॉबी उघडते पण मित्राचा सर्व्हर दिसत नाही" ही तक्रार दहा वेळा आली तर नऊ वेळा आवृत्तीचा घोळ असतो. डिस्ट्रोच्या (आपण टाकलेल्या लिनक्सच्या वाणाच्या) भांडारातला गेम दोन-दोन वर्षं जुना असतो. ०एडी ला दोन्हीकडे तंतोतंत तीच आवृत्ती लागते. अल्फा २६ वाला आणि अल्फा २७ (नाव अग्नी, छान ठेवलंय) वाला एकमेकांशी खेळूच शकत नाहीत. हेजवॉर्सचंही तेच. वेसनॉथमध्ये मधला आकडा सम असेल तर स्थिर आवृत्ती, विषम असेल तर चाचणीची, १.१८ घ्या. सोपा उपाय, सगळ्यांनी फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारं पॅकेज) वापरायचा. डिस्कवर जागा जास्त खातो, पण सगळ्यांकडे एकच आकडा.

आणि ०एडी मध्ये मॉडसुद्धा (गेमला वरून जोडलेले बदल) तेच हवेत. नाहीतर वीस मिनिटं रंगलेला डाव 'आउट ऑफ सिंक' म्हणून जातो.

निवांत
०एडी आमच्या चौघांत फार रखडतो. सर्व्हर बदलू का?

तिरकीरेघ
सर्व्हर बदलून काही होणार नाही. अशा गेममध्ये प्रत्येक मशीन सगळं युद्ध स्वतः मोजतं आणि एकमेकांसाठी थांबतं. सगळ्यात हळू डबा ज्याचा, त्याच्या चालीने चौघं. शिवाय त्या हिशेबाचा मोठा भाग एकाच कोअरवर चालतो, म्हणून आठ कोअर असून फायदा बेताचाच. लोकसंख्येची मर्यादा प्रत्येकी १०० ते १५० ठेवा, नकाशा लहान घ्या. ग्राफिक्स कमी करून फारसं हाती लागत नाही.

पोपटपंची
विंडोजला उगाच झोडपू नका. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल ग्राफिक्सला लिनक्सवर व्हल्कन (गेमने ग्राफिक्स चिपशी बोलायची नवी भाषा) अर्धवट आहे. प्रोटॉन विंडोजच्या डायरेक्टएक्स ९ ते ११ चं भाषांतर डीएक्सव्हीकेमार्फत व्हल्कनमध्ये करतो, आणि डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. म्हणजे त्याच डब्यावर विंडोजमध्ये चालणारा गेम इथे काळा पडदा दाखवतो. 'प्रोटॉन यूज वाइनडीथ्रीडी' हा पर्याय लाँच ऑप्शनमध्ये देऊन ओपनजीएल या जुन्या भाषेवर ढकलता येतो, पण फ्रेम घसरतात. मूळचे लिनक्सचे ओपनजीएल गेम मात्र त्याच चिपवर मजेत.

आणि रॅम! ८ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा. जोडलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच्याच रस्त्यावरून जातं. दोन पट्ट्यांनी तो रस्ता दुपदरी होतो. सुपरटक्सकार्टमध्ये लगेच जाणवतं.

खटपट्या
पोपटपंची, व्हल्कनचं मान्य. माझ्या यादीत ते यायला हवं होतं.

रातकिडा
सर्व्हर घरून उघडणाऱ्यांसाठी. राउटरमध्ये उघडायचे पोर्ट: झोनोटिक २६०००, ०एडी २०५९५, लुआंटी (२०२४ पर्यंत माइनटेस्ट म्हणायचे) ३००००, सुपरटक्सकार्ट २७५९, सगळे यूडीपी. ओपनटीटीडी ३९७९ ला टीसीपी.

पण आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे नेट कंपनी अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटते. पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग झीरोटियर किंवा टेलस्केल, दूरची मशीन एका खाजगी जाळ्यात जोडणारी साधनं. फरक असा की झीरोटियर अख्खं लॅन असल्याचं नाटक वठवतो, त्यामुळे गेमच्या 'लॅन' यादीत सर्व्हर आपोआप दिसतो. टेलस्केलमध्ये ब्रॉडकास्ट (जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम हाक) जात नाही, पत्ता हाताने टाकावा लागतो.

भुईचक्र
ओपनटीटीडीला हे काहीच करावं लागत नाही. २०२१ च्या १२.० पासून निमंत्रण कोड आलाय, अधिकच्या चिन्हाने सुरू होतो. सर्व्हर 'फक्त निमंत्रितांसाठी' ठेवा, कोड पाठवा, झालं. थेट जोडणी जमली नाही तर गेम मधल्या सर्व्हरवरून वाट काढतो. आणि किमान खेळाडूंची अट २ ठेवा, नाहीतर रात्री सगळे झोपल्यावर एकाची कंपनी पैसे छापत राहते.

कोपऱ्यातली
ते पैसे छापणारं कोण ते आम्हाला माहीत आहे.

भुईचक्र
🙈

निवांत
झोनोटिकमध्ये पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) मध्येच २०० वर उडी मारतं. लिनक्स टाकल्यापासून. ड्रायव्हर?

पोपटपंची
ड्रायव्हरवर जायच्या आधी दोन खिडक्यांत दोन पिंग लावून बघा, एक राउटरला, एक बाहेर. राउटरपर्यंतच उडी दिसली तर वायफाय. ठरावीक अंतराने उडी येत असेल तर कार्ड मागच्या मागे दुसरी नेटवर्क शोधतंय किंवा पॉवर सेव्हिंग चालू आहे. ते बंद करा, ५ गिगाहर्ट्झवर जा. २.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११, आणि ब्लूटूथचा हेडफोन काढून बघा, तो त्याच पट्ट्यात बोलतो.

राउटरपर्यंत २-३ मिलिसेकंद आणि बाहेर उडी, तेही कुणी व्हिडिओ अपलोड करत असताना? मग राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (खुली राउटर सिस्टीम) असेल तर एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) लावा, प्रकार केक, आणि अपलोडचा वेग मोजलेल्याच्या ८५-९० टक्के भरा. १० एमबीपीएस मिळत असेल तर ९ लिहा. पूर्ण १० लिहिलं तर रांग पुन्हा तुमच्या ताब्याबाहेर तयार होते.

निवांत
केबल लावली. थांबलं. 🙏 एवढी लांब पोस्ट वाचायच्या आधीच.

पोपटपंची
😐

तिरकीरेघ
वाचनखूण साठवली. शनिवारी साडेनऊ, झोनोटिक? ०.८.६ सगळ्यांनी उतरवून ठेवा. झिप उलगडा आणि चालवा, इन्स्टॉल नाही. निवांत, केबल काढू नका तोवर.