मदत हवी आहे: 'एस्च्यू' कुठे चालतं, कुठे नाही? परवापर्यंत उत्तर हवं

माळवी_पाऊस
'एस्च्यू' हे इंग्रजी क्रियापद नक्की कुठे वापरायचं? शब्दकोशात 'टाळणे' दिलंय, म्हणून 'अव्हॉइड'च्या जागी घातलं, तर सरांनी दोन्ही ठिकाणी लाल रेघ मारली. कारण लिहिलेलं नाही. परवा पाठवायचं आहे, लवकर सांगा.

राजवाड्यामागे
काय पाठवायचंय? कोणाला? रेघ शब्दाखाली आहे की अख्ख्या वाक्याखाली?

साधं_लिहा
'अव्हॉइड' लिहा आणि मोकळे व्हा. आयुष्यभर बँकेत इंग्रजी पत्रं लिहिली, असल्या शब्दावाचून माझं काही अडलं नाही.

माळवी_पाऊस
काका, एका पानावर 'अव्हॉइड' चारदा आलंय म्हणून तर बदललं. प्रवेशअर्जासोबतचा निबंध आहे.

भंवरकुआ_लायब्ररी
जीआरई, म्हणजे परदेशी प्रवेशाची परीक्षा, देताय का? मग शब्दांच्या चिठ्ठ्या करा. रोज सकाळी जुन्या, रात्री नव्या. मला खूप उपयोग झाला. इकडच्या कोचिंगच्या वेळा हव्या असतील तर सांगतो.

माळवी_पाऊस
कोचिंग नकोय. जीआरईही नाही.

शब्दवेडा
आधी वाक्यं द्या. वाक्य न बघता सगळे औषध देताहेत.

माळवी_पाऊस
पहिलं: 'आय एस्च्यू टू टेक शॉर्टकट्स.' दुसरं: 'वी एस्च्यूड फ्रॉम द राजवाडा ट्रॅफिक बाय लीव्हिंग अर्ली.'

शब्दवेडा
आता कळलं. दोन्हीकडे चूक वेगवेगळी आहे.

पहिल्यात अर्थ बरोबर, बांधणी चुकली. 'एस्च्यू'पुढे 'टू' येत नाही आणि 'फ्रॉम'ही येत नाही, थेट कर्म येतं. 'आय एस्च्यू शॉर्टकट्स', झालं. 'फ्रॉम' लागतं ते 'ॲब्स्टेन'ला, तिथून तुमच्याकडे आलं असावं.

दुसऱ्यात 'फ्रॉम' काढलं तरी भागणार नाही. 'एस्च्यू' म्हणजे आपल्याला पटलं म्हणून, तत्त्व किंवा शिस्त म्हणून एखादी गोष्ट वर्ज्य करणं. राजवाड्याची गर्दी कोणी तत्त्व म्हणून वर्ज्य करत नाही, उशीर होऊ नये म्हणून चुकवतो. आमच्या शेजारचं जैन कुटुंब कांदा, लसूण, बटाटा घरात आणत नाही, ते 'एस्च्यू'. मी पित्तामुळे सकाळच्या पोह्यांवर जिरावण मसाला घेत नाही, ते 'अव्हॉइड'.

राजवाड्यामागे
मग आमची आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडते ते काय? कार्तिकात परत सुरू करते. कायमचं सोडलं तरच 'एस्च्यू' म्हणायचं ना?

शब्दवेडा
नाही. मुदतीचा प्रश्न नाही, कारणाचा आहे. आई व्रत म्हणून सोडतात, म्हणजे ते चार महिने 'एस्च्यू'च.

भंवरकुआ_लायब्ररी
मला शिकवलंय की हा शब्द कायमच्या सवयीसाठीच असतो.

शब्दवेडा
सवयीसाठी जास्त दिसतो, हे खरं. पण तसा नियम नाही. एखाद्या नेत्याने एका निवडणुकीपुरत्या मोठ्या सभा टाळून घरोघरी जायचं ठरवलं तरी इंग्रजी वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात. त्याने विचार करून निवड केली, एवढं पुरतं.

कांदेनवमी
चातुर्मास निघालाच आहे तर, आषाढ शुद्ध नवमीला तुमच्याकडे अजून कांद्याची भजी होतात का? आमच्याकडे थालीपीठ, झुणका, भजी, सगळं त्या एका दिवसात.

राजवाड्यामागे
होतात तर! आई कांदा उभा चिरून मीठ लावून ठेवते, सुटलेल्या पाण्यातच बेसन भिजवते. वरून पाणी नाही.

माळवी_पाऊस
भजी नंतर. 'एस्च्यू'पुढे क्रिया आलीच तर 'टेकिंग' चालेल का? आणि माणसाला लावता येतं का? घरमालक मला टाळतात, असं एक वाक्य पुढे आहे.

भंवरकुआ_लायब्ररी
'आयएनजी' चालत नाही. फक्त नाम.

शब्दवेडा
चालतं. 'एस्च्यू टेकिंग शॉर्टकट्स' व्याकरणाने शुद्ध आहे, नुसतं नाम जास्त सुटसुटीत वाटतं इतकंच.

माणसाला मात्र लावू नका. वाळीत टाकल्यासारखं दूर ठेवत असतील तर 'शन'. घरमालक डिपॉझिट मागाल म्हणून तोंड चुकवत असतील तर 'अव्हॉइड' किंवा 'डॉज'. मराठीत आपण हे फरक सहज करतो. कर चुकवतो तिथे 'इव्हेड', कामात अंग चोरतो तिथे 'शर्क', चोर पोलिसांना हुलकावणी देतो तिथे 'इल्यूड'. सगळीकडे 'टाळणे' धरून चाललात तर इंग्रजीत गोंधळ होणारच.

साधं_लिहा
कराचं निघालं म्हणून सांगतो. कायद्यात बसवून कर वाचवणं 'अव्हॉइडन्स', लपवाछपवी करून बुडवणं 'इव्हेजन'. बँकेत हा फरक पक्का लागायचा. शब्दाला माझा विरोध नाही, उगाच घुसवण्याला आहे.

जुने_शब्द
शब्द जुना आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ईयोब देवाला भिऊन दुष्टपणापासून दूर राहणारा होता, असं सांगताना हाच शब्द आलाय. फ्रेंचमधून इंग्रजीत आला. धार्मिक वळण तेव्हापासूनचं, म्हणून चातुर्मासाचं उदाहरण मला चपखल वाटलं.

माळवी_पाऊस
पहिलं वाक्य 'आय एस्च्यू शॉर्टकट्स' केलं. दुसऱ्यात परत 'अव्हॉइड' घातलं तर पाचवं होतं. आणि मुलाखतीत उच्चार काय करू?

शब्दवेडा
दुसरं असं करा: 'वी लेफ्ट अर्ली टू मिस द ट्रॅफिक.' गर्दी चुकवण्याला इंग्रजीत 'मिस' सर्रास चालतं. उच्चार 'इस्-चू', चहातला च.

भंवरकुआ_लायब्ररी
'एशू' म्हणतात. व्हिडिओत ऐकलंय.

शब्दवेडा
अमेरिकेत तसंही म्हणतात, शब्दकोशातही आहे. ताई, तुम्ही 'इस्-चू' म्हणा, तो दोन्हीकडे चालतो. उरलेले चार 'अव्हॉइड' इथे टाका, त्यातले दोन तरी निघतील.