अनुभव धागा: ब्रेक मारला की पेडल धडधडतं, स्टेअरिंग थरथरतं

आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या सपाट रस्त्याला लागलो आणि ८० च्या वेगात ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल धकधक करू लागलं. स्टेअरिंगही हातात थरथरत होतं. गाडी हॅचबॅक, ६२,००० किमी झालेली. गॅरेजवाल्याने बॅलन्सिंग केलं, मग अलाइनमेंट केलं. फरक शून्य. ब्रेक न लावता मात्र गाडी १०० लाही लोण्यासारखी पळते. हा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांनी लिहा: निघालं काय, आणि थांबलं कशाने?

—

ब्रेक न लावता गाडी थरथरत नाही म्हणजे बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात गेले, क्षमस्व. स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढच्या डिस्क. माझ्या गाडीत स्टेअरिंग शांत होतं, हलायची ती सीट. मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि तो हळूच ओढला. तीच धडधड! म्हणजे मागचे ड्रम. लेथवर टर्निंग करून (म्हणजे पृष्ठभाग पातळ कापून सपाट करून) आणले, काम झालं. किती व्यासापर्यंत चालतं ते ड्रमवरच कोरलेलं असतं. ते न वाचता कापू देऊ नका.

—

मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मुलाच्या गाडीला नव्या डिस्क टाकल्या आणि ४,००० किमीत थरथर परत आली. गॅरेजचं उत्तर ठरलेलं, "डिस्क वाकली." अहो, एवढी जाड बिडाची डिस्क अशी उठसूट वाकते होय? चाक काढलं, वीलनट उलटे लावून डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर) घट्ट आवळली, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) टेकवला आणि हाताने सावकाश फिरवली. काटा ०.१२ मिमी हलला. ०.०५ च्या वर गेला की मला संशय येतो. डिस्क काढली तर हबच्या तोंडावर गंजाची खपली, नखाने सुटेल अशी. वायर ब्रश मारला, पॉलिश पेपरने घासलं, डिस्कची आतली बाजू पुसली आणि परत बसवली. काटा ०.०३! डिस्क अशी डगमगती राहिली तर ती दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते, तिथली जाडी कमी होते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल बोलायला लागतं. आमचं वेळेत सापडलं, हलक्या हाताने टर्निंग करून भागलं.

—

आमच्याकडे खलनायक पंक्चरवाला. एअर गनने नट असे आवळले की पुढे पान्ह्यावर उभं राहूनही सुटेनात. नट कमीजास्त आवळले की डिस्क तिरकी बसते. आता टॉर्क रेंच घेतलाय. पुस्तकातला आकडा बघतो आणि समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळतो. बायको हसते.

—

मी घाट पूर्ण ब्रेकवर उतरलो (हो, माहीत आहे) आणि खाली रांगेत पेडल गच्च दाबून उभा राहिलो. तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटला. पॅडच्या आकाराचा काळसर डाग चक्क दिसत होता. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ठाम ब्रेक मारले, मध्ये गाडी थांबवली नाही, मग ब्रेक न वापरता गार होऊ दिली. बराच फरक पडला.

—

मिशिगनहून. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम झाली. आतला पॅड संपलेला, बाहेरचा नव्यासारखा. पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, डिस्क-पॅड मात्र बदलावे लागले.

—

पावसात कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाला गुदगुल्या करतं ते एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). तो बिघाड नाही, पाय काढू नका.

—

धागाकर्ता: सर्वांचे आभार. आज चाक काढून घेतलं. डिस्कची जाडी २०.२ मिमी भरली, तीही सगळीकडे सारखी नाही. काठावर किमान २० कोरलंय, म्हणजे टर्निंगला वाव नाही. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. गाडी एकदम शांत.

—

टूलरूमवाला: छान. नव्या डिस्क चढवण्याआधी हब घासून घेतला ना?

—

धागाकर्ता: … उद्या परत जातो.