रे क्रो यांची शिस्त: डावपेच की पड खाणं?

चौथा_कोपरा:
अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलचे बास्केटबॉल प्रशिक्षक रे क्रो यांच्याविषयी सध्या वाचतोय. शाळा १९२७ ला उघडली ती फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. मग 'फक्त त्यांचीच आहे' हेच कारण देऊन तिला १९४२ पर्यंत राज्यस्पर्धेबाहेर ठेवलं. म्हणजे वेगळी चूल मांडायला लावायची आणि वर वेगळी चूल का म्हणून पंगतीत घ्यायचं नाही!

क्रो १९५० ला मुख्य प्रशिक्षक झाले. सात हंगामांत १७९ विजय, २० पराभव. १९५५ आणि १९५६ ला राज्य विजेतेपद, दुसरं तर एकही सामना न हरता. एवढं सगळं मान्य. पण पंच पक्षपात करायचे तेव्हा ते पोरांना सांगायचे की पहिले दहा गुण पंचांचे, त्यापुढचे आपले. तोंडातून ब्र काढायचा नाही. अन्याय गृहीतच धरला की हो हा. मला हे पटत नाही.

घाटावरचा:
साफ असहमत. दहा गुण पंचांचे म्हणणारा माणूस गप्प बसलेला नाही, तो हिशेब मांडतोय. १९५५ चा अंतिम सामना ९७-७४ ने जिंकला. तेवीस गुणांच्या फरकात पंच काय दिवे लावणार?

खडीसाखर:
घाटावरचा, उदाहरण चुकलं. त्या सामन्यात समोर गॅरी रूझवेल्ट होती, तीही कृष्णवर्णीय मुलांचीच शाळा. १९५६ चा घ्या, लाफायेत जेफरसन या शाळेविरुद्ध ७९-५७. मुद्दा मात्र बरोबर आहे.

घाटावरचा:
बरोबर, चूक मान्य. बावीस तर बावीस.

उंबरठा:
गुण मोजत बसलात सगळे. १९५५ च्या रात्री काय झालं ते बघा. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यावर, मॉन्युमेंट सर्कलला व्हायची. ॲटक्सच्या पोरांना अग्निशमन गाडीवरून तिथे एक फेरी मारून आणलं आणि थेट नॉर्थवेस्टर्न पार्कला, म्हणजे त्यांच्याच वस्तीत नेऊन सोडलं. पुढे बास्केटबॉलचा दिग्गज झालेला ऑस्कर रॉबर्टसन त्या संघात होता, आणि हा सल त्याने आयुष्यभर बोलून दाखवला. इतकं सभ्य वागून पदरात काय पडलं?

खडीसाखर:
काहीतरी पडलंच. ॲटक्स जिंकायला लागल्यावर शहरातल्या इतर शाळांना कृष्णवर्णीय खेळाडू अचानक हवेसे वाटू लागले. शाळांतला वर्णभेद कायद्याने १९४९ लाच बंद झाला होता, पण कागदावर. कायद्याला जमलं नाही ते हरण्याच्या भीतीने थोडंफार केलं.

उंबरठा:
हवेसे वाटले ते उंच आणि चपळ खेळाडू. गणितात हुशार असलेल्या मुलासाठी कोणी दार उघडलं? क्रो स्वतः गणिताचे शिक्षक होते, म्हणून विचारतो. आणि ॲटक्स तरीही १९७० च्या दशकापर्यंत जवळपास कृष्णवर्णीय मुलांचीच राहिली.

चौथा_कोपरा:
पंचांच्या बाबतीत घाटावरचा यांचं अर्धं पटलं. सोळा-सतरा वर्षांचं पोर चिडलं असतं तर पेपरांनी पोराचंच नाव छापलं असतं, पंचाचं नाही. क्रो यांनी त्यांना त्यातून वाचवलं. मिरवणुकीबद्दल मात्र उंबरठा यांच्या बाजूने. त्या संघाला इंडी ५०० या शहरातल्या प्रसिद्ध मोटारशर्यतीच्या परेडमध्ये मानाने बसवलं ते २०१५ ला, साठ वर्षांनी. क्रो २००३ मध्येच गेले होते.