ऑलिंपस म्यू-२ : वापरणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत

प्रश्न (खानापूर): मामांचा ऑलिंपस म्यू-२ हा छोटा फिल्म कॅमेरा आता माझ्याकडे आला आहे. जांबोटीच्या पावसात तो नेता येईल का, आणि फिल्म कोणती घालावी?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव): १९९७ सालच्या या कॅमेऱ्याची ३५ मिमी, एफ/२.८ (भरपूर उजेड आत घेणारी) लेन्स फार सुरेख आहे. मात्र सरकते झाकण बंद केले की फ्लॅश पुन्हा ऑटोवर जातो, त्यामुळे राजहंसगडावरच्या धुक्यात थेंबांवरून उजेड परतून फोटो पांढुरका होऊ नये म्हणून तो प्रत्येक वेळी आठवणीने बंद करावा लागतो. गर्द झाडीत ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्म घ्यावी.

उत्तर (निपाणी): त्यात भर घालतो. आयएसओ हाताने बदलता येत नाही. कॅमेरा रिळावरचा डीएक्स कोड (फिल्मचा आयएसओ सांगणारी खूण) वाचतो आणि कोड नसल्यास १०० धरतो, म्हणजे कोड नसलेल्या ४०० च्या फिल्मवर दोन स्टॉप जास्त (म्हणजे चौपट) प्रकाश पडतो, जो रंगीत निगेटिव्ह सोसते, स्लाइड फिल्म नाही. तुषार सोसण्यासाठी तो बनवलेला असला, तरी इतक्या जुन्या रबरी सीलवर मी तरी विसंबणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बॅटरी कोणती लागते?

उत्तर (निपाणी): सीआर१२३ए, एकच.