सास्काचेवानमधली ओस पडणारी गावं: टिकवायची की जाऊ द्यायची?

मुक्काम_रेजायना
थेट मुद्द्यावर येतो. आमच्या प्रांतात (सास्काचेवान, कॅनडा) पन्नास-साठ डोकी उरलेली गावं ढिगानं आहेत. त्यातलं एखादं गाव स्वतःची कौन्सिल बंद करून शेजारच्या रूरल म्युनिसिपालिटीत (आरएम, आसपासचा शेतीभाग सांभाळणारी स्थानिक संस्था) विलीन व्हायला निघालं की लगेच लोक गळे काढायला लागतात, आणि यात निम्मे जण त्या गावात कधी पेट्रोल भरायलाही थांबलेले नसतात. माझं मत सरळ आहे, जाऊ द्या.

ही गावं मुळात कशासाठी बसली ते बघा ना. 1872 च्या कायद्यानं 10 डॉलर फी घेऊन 160 एकर जमीन मिळायची, मग रेल्वे आली आणि तिनं दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन टाकलं, कारण शेतकऱ्याला घोडागाडीत गहू घालून एलेव्हेटरला जाऊन त्याच दिवशी घरी परत यायचं असायचं. (एलेव्हेटर म्हणजे धान्य साठवायचं उंच लाकडी कोठार, त्यावर गावाचं नाव रंगवलेलं असायचं.) एलेव्हेटर, रेल्वे अव्हेन्यू, चर्च, एक चायनीज कॅफे, झालं गाव. 1930 च्या दशकात प्रेरीच्या (म्हणजे इकडच्या गवताळ सपाटीच्या) तीन प्रांतांत मिळून साडेपाच हजारांच्या वर एलेव्हेटर होते, आता काही शेच उरलेत आणि ते काँक्रीटचे. सरासरी शेत 1,700 एकरांच्या वर गेलंय, म्हणजे जिथे दहा कुटुंबं होती तिथे एक. चाळीस टनांचा ट्रक तास-दीड तास पळून टर्मिनलला धान्य टाकून येतो, मधल्या गावात थांबायचं कारणच काय? काळी जोमात आहे, पांढरी गेली. मग तीस घरांसाठी वेगळा पाण्याचा प्लांट, वेगळा ऑपरेटर, वेगळं ऑफिस कशाला?

बस_चुकली
असहमत, आणि जोरात असहमत. "घोड्यांचा काळ गेला, गावं गेली" हे ऐकायला छान आहे पण मधली पानं फाडून सांगितलेली गोष्ट आहे ही. 1993 मध्ये प्रांत सरकारनं एका फटक्यात 52 ग्रामीण हॉस्पिटलांचं रूपांतर हेल्थ सेंटरमध्ये केलं. 1995 ला केंद्रानं धान्याच्या रेल्वेभाड्याची सबसिडी काढली (क्रो बेनिफिट म्हणायचे तिला, मुळात 1897 च्या करारातला स्वस्त भाड्याचा क्रो रेट होता, त्याच्या जागी आलेली), मग ब्रँच लाइनी उखडल्या आणि त्यांच्याबरोबर एलेव्हेटर पाडले. आणि 2017 च्या मे महिन्यात एसटीसी बंद! 1946 पासूनची सरकारी बस, अडीचशे गावांना जायची, आपल्या एसटीसारखीच. त्या बसमध्ये नुसती माणसं नव्हती हो, रक्ताचे सॅम्पल जायचे, औषधं यायची, ऐन कापणीत कंबाइनचा बेल्ट तुटला की सास्काटूनहून पार्ट त्याच बसच्या पोटातून यायचा. आधी डॉक्टर काढा, मग रूळ काढा, मग बस काढा आणि वर म्हणा की बघा लोक आपणहून गेले.

मुक्काम_रेजायना
@बस_चुकली ताई, क्रम उलटा आहे. माणसं कमी झाली म्हणून बस रिकामी धावायला लागली. गावं ओस पडायला तीसच्या दशकातल्या दुष्काळातच सुरुवात झाली होती, तेव्हा कुठे हॉस्पिटलं बंद झाली होती? आणि क्रो रेटचं म्हणाल तर त्यामुळे कच्चा गहू बाहेर पाठवणं इतकं स्वस्त पडायचं की इथे दुसरं काही पिकवायला किंवा प्रोसेस करायला कुणाला फारशी गरजच वाटत नव्हती. सबसिडी गेल्यावर मसूर, वाटाणा, कॅनोला (तेलबियांचं पीक) यांना खरा जोर आला. आज कॅनडाची बहुतेक सगळी मसूर आमच्या प्रांतातून जाते, आणि कुठे जाते ते लातूरकरांना विचारा.

डाळमिल_लातूर
हाक मारलीत म्हणून आलो 😄 येते की, कॅनडाची मसूर आणि पिवळा वाटाणा दोन्ही बघितलेत. पण 2017 विसरू नका. आमच्याकडे तुरीचं भरमसाट पीक आलं, हमीभाव 5,050 आणि खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून माप बंद. त्या वर्षअखेरीस दिल्लीनं वाटाण्यावर 50 टक्के आणि मसुरीवर 30 टक्के ड्युटी लावली. इथल्या शेतकऱ्यासाठी ते बरोबरच होतं, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या तिकडच्या शेतकऱ्यानं गव्हाऐवजी मसूर धरली म्हणून तो सुटला असं काही नाही, त्याचा भाव दिल्लीतल्या एका कागदावर आला एवढंच.

बस_चुकली
डाळमिलवाल्या दादांना +1. आणि मसूर वाढली तरी गाव वाढलं का? शेतकरी श्रीमंत झाला आणि हिवाळ्यात ॲरिझोनाला जाऊन बसला.

कोपऱ्यातला_काका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

वेल्डर_बाबू
दोघांनाही एक प्रश्न. सेंट ब्रिउ माहितीये? जेमतेम सहासातशे वस्ती, पण बोर्गो कंपनीचे एअर सीडर (पेरणीची मोठी यंत्रं) तिथे बनतात, शेजारच्या गावांतून लोक तिथे कामाला येतात. ॲनाहाइम त्याहून लहान, तिथे डोपकर कंपनी ट्रेलर बनवते. रेल्वेनं आखलेल्या अंतरावरच नशीब ठरत असतं तर ही गावं कधीच झोपायला हवी होती. कुणीतरी शेतकरी आपल्या शेडमध्ये वेल्डिंग करत बसला, त्यातून कारखाना झाला आणि मालकानं तो शहरात नेला नाही, बास. सरकारनं बस चालवून हे होत नाही आणि गाव बंद करूनही होत नाही.

मुक्काम_रेजायना
@वेल्डर_बाबू मान्य, पण अशी गावं किती? दोन नावं घेतलीत, तिसरं घ्यायला वेळ लागेल. रॉबसार्टच्या त्या मोडक्या लाकडी हॉस्पिटलचे फोटो काढायला लोक गाड्या घेऊन जातात, तशी मात्र पाहिजे तेवढी दाखवतो.

नाइट_शिफ्ट
एवढा वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मी अशाच गावात राहते, दीडशेच्या आत वस्ती, केअर होममध्ये नर्स आहे, ते चाळीस किमीवर. घर घेतलं तेव्हा सास्काटूनमध्ये त्या पैशात पार्किंगची जागा आली असती. तुम्ही सगळे "उरलेली म्हातारी माणसं" असं बोलताय ना, ती माणसं काय करतात सांगू? आमच्या स्केटिंगच्या रिंकला बर्फ करायचं मशीन नाही. डिसेंबरात थंडी धरली की सत्तरीतले दोघं रात्री अकराला होज घेऊन येतात, पातळ थर मारायचा, गोठला की पुढचा, घाई केली तर बर्फाला पापुद्रे सुटतात आणि पोरांच्या स्केट अडकतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. शरद ऋतूत हॉलमध्ये फाउल सपर असतं (टर्कीचं गावजेवण समजा), पाय (pie, भाजलेला गोड पदार्थ) बारा बायकांनी बारा प्रकारचे आणलेले, माझ्या पुरणपोळीला पहिल्या वर्षी कुणी हात लावला नव्हता, आता आधीच विचारणा होते.

आणि विलीन झाल्यावर काय होतं ते ऐका. आरएमचा ग्रेडर (बर्फ सारायचं यंत्र) आधी ग्रिड रोड (शेतांमधले मोठे रस्ते) साफ करतो, गावातली गल्ली सगळ्यात शेवटी. उणे पस्तीसला सकाळी सहाची शिफ्ट असेल तर मी निघायचं कसं? तुमच्या हिशोबात वाचलेले पैसे दिसतात, माझ्या फावड्याचे तास दिसत नाहीत.

शिवार_वाचक
वेगळा मुद्दा. ग्रामीण सास्काचेवान रिकामं होतंय हे वाक्य अर्धंच खरं आहे. गोऱ्या वस्तीची रेल्वेगावं रिकामी होतायत. फर्स्ट नेशन्सच्या (इथल्या मूळ रहिवाशांच्या) कितीतरी रिझर्व्हवर (त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनींवर) तरुण लोकसंख्या वाढतेय आणि तिथे घरं अपुरी, पिण्याचं पाणी उकळून घ्या अशा सूचना वर्षानुवर्षं लागलेल्या. ट्रीटी 4 वर (मूळ रहिवासी आणि सरकार यांच्यातल्या जमिनीच्या करारावर) 1874 मध्ये फोर्ट कपेलला सह्या झाल्या, त्यानंतर ही 160 एकरांची वाटणी रंगात आली. तेव्हा पाण्याच्या प्लांटचा पैसा कुठे जावा अशी चर्चा असेल तर ती पण गावं यादीत धरा. तीस घरांच्या गावावरून एवढी हळहळ आणि या गावांची आठवण कुणालाच नाही, हे खटकतं.

बस_चुकली
@शिवार_वाचक बरोबर, आणि एसटीसी बंद झाल्याचा मार तिथल्या बायकांनाही बसला. गाडी नाही, बस नाही, मग हायवेवर लिफ्टसाठी अंगठा दाखवत उभं राहायचं.

मुक्काम_रेजायना
@नाइट_शिफ्ट तुमच्याबद्दल आदर आहे, खरंच. पण मी गाव पाडा म्हणत नाहीये. कौन्सिल बंद करा, प्लांट जोडा, रस्ता आरएमकडे द्या, राहायचं त्यानं राहावं. नाहीतर आहे ते सगळं ठेवायचं असेल तर गावानं टॅक्स वाढवावा आणि स्वतः भरावा. रेजायनातल्या, म्हणजे राजधानीतल्या माणसानं का भरायचा?

नाइट_शिफ्ट
भरतोय की, मागच्या मीटिंगला आम्हीच हात वर करून वाढवून घेतला, पंप बदलायचा होता. आणि रेजायनाचं बोलायचं तर 2017 ला 278 मिलियनचं स्टेडियम उघडलंत, त्यात प्रांताचाही पैसा आहे, म्हणजे माझाही. मी विचारलं का?

मुक्काम_रेजायना
हे बघा, रफरायडर्सना (त्या स्टेडियमवर खेळणारी आमची फुटबॉल टीम) मधे आणायचं नाही.

वेल्डर_बाबू
😂 एवढ्या एका मुद्द्यावर मात्र धागाकर्त्याशी सहमत.