टीव्ही एक, आई सिरियलवाली, मला प्रीमियर लीग बघायचीय: सल्ला द्या

वेंगुर्लेकर_उनाड:
मंडळी, घरात टीव्ही एकच. आई तिन्हीसांजेचा दिवा लावला की सिरियल लावते ती जेवणं होईस्तोवर चालू, आणि मला यंदा इंग्लिश फुटबॉल नीट बघायचंय म्हणजे एक टीम धरून. मोबाईलवर बघ सांगू नका, पावसात वाडीत रेंज नसते. टीम कुठली धरू? आणि आई नि मी दोघं बघू अशी एखादी सिरियल सुचवा, सासू-सून नको. 'रात्रीस खेळ चाले'ची पारायणं झालीत, आकेरीचा तो वाडासुद्धा बघून आलो.

बंदरावरचा:
आधी टायमिंग समजून घे. शनिवारच्या बऱ्याच मॅच तिकडे दुपारी ३ला, म्हणजे आपल्याकडे ७:३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात की मार्चअखेरपर्यंत ८:३०. ऐन सिरियलच्या वेळेत! पण तिकडची ५:३०ची मॅच आपल्याकडे रात्री १० नाहीतर ११ला, तेव्हा टीव्ही तुझाच. गंमत बघ, शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच खुद्द इंग्लंडात फुटबॉल लाइव्ह दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानात जावं म्हणून, आणि ३च्या मॅच आपण इथे पेज जेवत बघायच्या :)

झिलाचो_बापूस:
खंयचीय टीम धर, पण मँचेस्टर युनायटेड नको. माझो झील ती धरून बसलो आसा, हरली की जेवणार रुसता.

कुर्ल्यांचं_कालवण:
लिव्हरपूल-आर्सेनल सगळेच धरतात, तू ब्रायटन धर. समुद्रकाठचं गाव, टीमचं टोपणनाव सीगल्स. १९९७ला घरचं मैदान सोडावं लागलं, त्याच मोसमात शेवटच्या दिवशी हेरफर्डशी बरोबरी केली म्हणून लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये टिकले, नाहीतर लीगमधूनच बाहेर. मग दोन मोसम घरच्या मॅच गिलिंगहॅमला, शंभरेक किलोमीटर लांब! म्हणजे वेंगुर्ल्याच्या टीमने खारेपाटणला जाऊन 'घरची मॅच' खेळायची. पुढे कितीतरी वर्षं अॅथलेटिक्सच्या ट्रॅकवाल्या मैदानात काढली, २०११ला स्वतःचं स्टेडियम, २०१७ला प्रीमियर लीग. कप जिंकतील म्हणून धरू नको हां, ते होणं नाही. पण खेळ बघायला मजा येते आणि नवीन पोरं कुठून कुठून शोधून आणतात.

माजघर:
सिरियलचं मी सांगते. आईंना हिंदी चालत असेल तर दूरदर्शनवरची १९९३ची डिटेक्टिव्ह मालिका 'ब्योमकेश बक्षी', रजित कपूरवाली. बहुतेक वेळा एका बैठकीत गोष्ट संपते, उद्या काय होणार म्हणून रिमोट धरून बसायला नको. मराठीच हवं तर 'दिल दोस्ती दुनियादारी', पण ती रोजची मालिका, भाग भरपूर, एकदा त्यात अडकल्या की तुझी मॅच गेलीच.

बंदरावरचा:
ब्योमकेशला +१. आणि रविवारी संध्याकाळी ६:३०ची मॅच माग, महाएपिसोड नसेल तर मिळेल.

वेंगुर्लेकर_उनाड:
ब्रायटन फिक्स. आईला ब्योमकेशचा एक भाग दाखवला, म्हणाली धोतर छान नेसलाय, खुनी मी आधीच ओळखलेला. रविवारची साडेसहाची देते म्हणाली, पण हाफटाइमला बातम्या लावणार. चालतंय.