ताप मंगळवारी, नंबर शुक्रवारी

एरंडवणेकर

मागच्या मंगळवारी पहाटे आईला थंडी वाजून ताप भरला. वय ७४, शुगर आहे, बीपी आहे. आमचे फॅमिली डॉक्टर बावीस वर्षं तेच, दवाखाना घरापासून चालत सात मिनिटांवर. साडेनवाला फोन लावायला बसलो, दहाला लागला. "सर अपॉइंटमेंटशिवाय बघत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीस देऊ?" म्हटलं, अहो, ताप आज आहे. "मग कॅज्युअल्टीत दाखवून घ्या." शुक्रवारचा नंबर घेऊन ठेवला आणि आईला रिक्षात बसवलं.

कॅज्युअल्टीतला मुलगा हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो आईला जन्मात पहिल्यांदा बघत होता. कुठली गोळी कधीपासून, कशाची ॲलर्जी, मागच्या वर्षी काय झालं होतं, सगळं पहिल्यापासून सांगायचं. फाइल घरी राहिलेली. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, एक सलाईन, वर "रात्रभर ठेवूया का?" संध्याकाळी बिल ८,६४० रुपये आणि निदान काय, तर लघवीतलं इन्फेक्शन. गेल्या पावसाळ्यातही तिला हेच झालं होतं. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा दोन प्रश्नांत ओळखलं होतं.

अपॉइंटमेंटला माझा विरोध नाही. महिन्याची बीपी-शुगर, रिपोर्ट, सर्टिफिकेट यांना खुशाल शुक्रवार द्या. पण ज्याला आज ताप आलाय त्याला आज बघणार नसाल, तर पाटीवरचं 'फॅमिली' खोडून टाका. रोज सकाळी एक तास बिननंबरी ठेवायला काय हरकत आहे?

घोडबंदर_रोड

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे तर ॲप आहे. नंबर ४३, वेळ ७.१०. सव्वासातला पोचलो तर आत नंबर १९ चालू. मग त्या ७.१० चा अर्थ काय? घरी तापात पडायच्या ऐवजी तिथल्या स्टीलच्या खुर्चीत पडलो, एवढाच फरक.

गल्लीतला_डॉक्टर

मी एमबीबीएस, उपनगरात २७ वर्षं दवाखाना. आतल्या बाजूनं थोडं.

करोनाआधी माझ्याकडे अपॉइंटमेंट नव्हतीच. येईल तो बसेल. संध्याकाळी साडेसहा ते दहा, साठेक पेशंट. त्यातले खरोखर आजारी निम्मे. बाकीच्यांचा एक लाडका शब्द असतो, 'फक्त'. फक्त रिपोर्ट दाखवायचाय. फक्त गोळ्या लिहून द्या. फक्त हिचं बीपी बघा, आलोच आहोत तर. एका 'फक्त'ला चार मिनिटं धरा आणि गुणाकार करा. तोवर बाहेर १०३ ताप असलेलं पोर आईच्या खांद्यावर झोपून गेलेलं असतं, कारण त्याच्या आईला 'फक्त' म्हणून आत घुसता येत नाही. बिननंबरी तासात जिंकतो तो आजारी माणूस नव्हे, जोरात बोलणारा माणूस. नंबर लावले ते त्या पोरासाठी.

दुसरं, पैशाचं. माझी फी २५० रुपये, ती वाढवली तेव्हा सोसायटीत चर्चा झाली. तीच मंडळी स्पेशालिस्टला १,२०० देऊन खाली मान घालून बाहेर येतात. तुमचा मेडिक्लेम बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच पैसे देतो, माझ्यासारख्याची ओपीडीची फी तुम्ही खिशातून भरता. म्हणजे दोनशे-अडीचशेत निभावणारं दुखणं अंगावर काढायचं आणि ॲडमिट झालं की कॅशलेस. या व्यवस्थेत फॅमिली डॉक्टर टिकावा असं कोणाला वाटतंय?

घरी व्हिजिटला का येत नाही, हेही विचारतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन केलेली डॉक्टरी ग्राहक कायद्याखाली आणली. त्यात गैर काही नाही, पण चौथ्या मजल्यावर, अंधाऱ्या खोलीत, ईसीजी नाही, ऑक्सिजन नाही, अशा ठिकाणी छातीत दुखणाऱ्याला "ॲसिडिटी आहे" म्हणायची छाती आता माझी होत नाही.

आणि एरंडवणेकर, रागावू नका. ७४ वर्षं, शुगर, थंडी वाजून ताप. तुम्ही माझ्याकडे आला असतात तर मीही रक्त-लघवी तपासायला लावून बहुधा ॲडमिट करा म्हटलं असतं. या वयात लघवीतलं इन्फेक्शन रक्तात उतरायला वेळ लागत नाही. दोन प्रश्नांत ओळखलं ते गेल्या वर्षी. या वर्षी तो मुलगा बरोबर होता.

एरंडवणेकर

डॉक्टरसाहेब, शेवटचा परिच्छेद झोंबला, पण मान्य. तरी मुद्दा शिल्लक राहतो. "कॅज्युअल्टीत जा" हे तुम्ही सांगताय ते वय, शुगर, थंडी हे सगळं ऐकून. फोनवरच्या बाईंनी यातलं एकही विचारलं नाही. यादी भरली होती म्हणून त्यांनी मला पुढे ढकललं. उत्तर बरोबर निघालं हे आमचं नशीब. उद्या एखाद्याला साधी सर्दी असताना तेच उत्तर मिळेल आणि छातीत कळ येणाऱ्याला "शुक्रवारी या".

बत्तीस_शिराळा

लहानपणी आमच्या डॉक्टरांकडे लाल औषधाची बाटली मिळायची, बाजूला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. कंपाउंडर घरून बाटली आणली नाही म्हणून ओरडायचा. डॉक्टर जीभ बघायचे, पोटावर टिचक्या मारायचे, "भात-ताक खा" म्हणायचे आणि आम्ही बरे व्हायचो. नंबर नाही, ॲप नाही.

खवट_काकू

आणि माझे सासरे त्याच लाल बाटलीवर राहून अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. बीपी आहे हे गेल्यावर कळलं. जीभ बघून बीपी कळत नाही हो दादा.

लीड्सचा_देशपांडे

पुण्यात शुक्रवार मिळतो म्हणून रडताय? इकडे या.

इंग्लंडात प्रत्येकानं आपल्या भागातल्या एका सर्जरीत नाव नोंदवायचं असतं. सर्जरी म्हणजे इथे डॉक्टरचा दवाखाना, कापाकापी नव्हे. सकाळी ठीक आठला फोन सुरू होतात. सात एकोणसाठला बोट टेकवून बसायचं, आठला दाबायचं आणि ऐकायचं: "तुम्ही रांगेत चौतिसावे आहात." साडेआठला नंबर येतो तोवर आजच्या जागा संपलेल्या. उद्या परत आठ वाजता. ऑक्टोबर २०२५ पासून सर्जऱ्यांना सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन फॉर्म उघडा ठेवणं बंधनकारक झालंय, पण त्यावर काय करायचं हे शेवटी तेच ठरवतात. कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे जाईन म्हणाल तर खाजगीत भरपूर पाउंड मोजा. स्पेशालिस्टला थेट दाखवता येत नाही, जीपीची, म्हणजे सर्जरीतल्या साध्या डॉक्टरची, चिठ्ठी लागते. आणि दर वेळी तोच जीपी भेटेल असंही नाही. माझे बाबा सांगलीहून आले होते तेव्हा म्हणाले, "पैसे घेत नाहीत हे चांगलंय, पण बघतही नाहीत!"

आता दुसरी बाजू. मुलगी दोन वर्षांची असताना तिला धाप लागली. फोनवरच्या बाईनं पाच प्रश्न विचारले: ओठ निळे दिसतात का, दूध पितेय का, बरगड्या आत ओढल्या जातायत का, असे. चाळीस मिनिटांत आम्ही डॉक्टरसमोर. माझ्या घशाला मात्र तिनं सरळ केमिस्टकडे पाठवलं. जानेवारी २०२४ अखेरीपासून इंग्लंडात घसा, कान, सायनस, नागीण, कीटक चावून झालेलं इन्फेक्शन अशा सात दुखण्यांवर केमिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो. तेव्हा एरंडवणेकरांना मोकळा तास हवाय ते मला पटत नाही. हवीय ती फोनवर प्रश्न विचारणारी व्यक्ती.

ओंटारियोतली_जोशीण

देशपांडे, तुमच्याकडे निदान नाव तरी नोंदवून घेतात. कॅनडातल्या आमच्या प्रांतात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे एक नवा डॉक्टर ५०० पेशंट घेणार म्हटल्यावर हजाराहून जास्त लोक भर बर्फात रांगेत उभे राहिले. ही रांग अपॉइंटमेंटची नव्हती, डॉक्टर *मिळवण्याची* होती.

परांडा_एसटी

वाचून करमणूक झाली. आमच्या गावात अपॉइंटमेंट म्हणजे नोकरीची ऑर्डर.

पीएचसी, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र, अकरा किलोमीटरवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरलाही पैसे नाहीत, ते चांगलंच झालं. पण ओपीडी सकाळची, आणि ताप काय ओपीडी बघून येतो का? मग आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे बीएएमएस झालेले, मोटारसायकलवर बॅग घेऊन फिरणारे. रात्री अकराला हाक मारली तरी येतात. उधारी तुरीचे पैसे आल्यावर. सलाईन जरा जास्त लावतात हे खरं, पण लोकच ऐकत नाहीत, सलाईन लागल्याशिवाय दुखणं मोठं होतं असं वाटत नाही. मात्र "हे माझ्या हातातलं नाही, बार्शीला न्या" कधी म्हणायचं हे त्यांना पक्कं कळतं. माझ्या चुलत्याला त्यांनीच वेळेवर गाडीत घातलं. तुमचं ते 'दोन प्रश्नांत ओळखणं' आमच्याकडे अजून आहे, फक्त शहरातले लोक त्याला डॉक्टर म्हणत नाहीत.

गल्लीतला_डॉक्टर

परांडाकर, तुमच्या डॉक्टरांबद्दल आदर आहे. पण आयुर्वेदाची पदवी आणि हातात स्टिरॉईडचं इंजेक्शन हे मला कधीच पटणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद करण्याविरुद्ध आम्ही बंद पाळला तो याचसाठी.

परांडा_एसटी

बंद पाळला त्या दिवशी आमच्याकडे काय फरक पडला सांगू? काहीच नाही. बंद पाळायला तुमच्यापैकी इथे कोणी हवं ना.

खवट_काकू

हाणला! पण विषयांतर नको, त्यावर वेगळा धागा काढा. पाचशे प्रतिसाद पडतील.

फोनवरची_ताई

मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, सहा वर्षं. हे सगळं वाचून राहवलं नाही.

लँडलाइन एक, मोबाइल एक, व्हॉट्सॲप, समोर माणसं, मध्येच सर बेल मारतात. पगार सांगत नाही, तुम्हालाच लाज वाटेल. दिवसातून वीस जण "अर्जंट आहे" म्हणतात. एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणाले, म्हणून मी दुसऱ्याचा नंबर मागे सारून त्यांना घेतलं. आत गेल्यावर कळलं, चारधामला जायचं होतं, फिटनेसचा दाखला हवा होता. पुढच्या वेळी कोणी छातीत दुखतंय म्हटलं तेव्हा मी अर्धा क्षण थांबले. त्या अर्ध्या क्षणाची मला अजून भीती वाटते. नंतर मीच सरांकडून प्रश्न लिहून घेतले, काउंटरच्या काचेखाली ठेवलेत: श्वास, छाती, शुद्ध, तान्हं बाळ, गरोदर, शुगरवाल्याला ताप. यातलं एक असलं तर सरांना आत जाऊन विचारायचं. त्यामुळे एरंडवणेकर दादा, तुम्हाला कोणी काही विचारलं नाही ही चूकच आहे. आमच्याकडे तुमच्या आईचा फोन सरांपर्यंत गेला असता.

पण आता माझा प्रश्न. रोज चार-पाच जण नंबर घेऊन येत नाहीत. येत नाही म्हणून फोनही करत नाहीत. तुम्ही मंगळवारीच कॅज्युअल्टीत दाखवलंत. मग शुक्रवारचा सहा चाळीसचा नंबर रद्द केलात का?

एरंडवणेकर

...नाही. राहूनच गेलं.

घोडबंदर_रोड

ताई 🙏

गोरेगाव_पूर्व

मुंबईकरांनी एवढं रडू नये असं वाटतं. २०२२ पासून महापालिकेचे 'आपला दवाखाना' सुरू झालेत, रात्री दहापर्यंत, फुकट, नंबर-बिंबर काही नाही. ऑफिसातून येताना दाखवून येतो. डॉक्टर मात्र बदलत राहतात, त्यामुळे 'फॅमिली'चं काही खरं नाही. साध्या तापाला मला फॅमिली लागत नाही.

एरंडवणेकर

गोरेगावकर, तिशीत मलाही लागत नव्हती. आईच्या गोळ्या नऊ आहेत. त्यातली एक दुसरीशी जमत नाही म्हणून मागच्या वर्षी बदलली, ते एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तो माणूस शुक्रवारी सहा चाळीसला भेटतो. तक्रार तेवढीच आहे. पण ताईंचं आणि देशपांड्यांचं वाचून मागणी बदलतो. तास नको. काचेखालची ती चिठ्ठी हवी, आणि ज्याला आज बघायलाच हवं अशांसाठी रोज दोन-तीन जागा रिकाम्या ठेवलेल्या. आईच्या गोळ्यांची यादी मी आजच फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवली, ते माझं काम होतं.

गल्लीतला_डॉक्टर

हे जमण्यासारखं आहे. सोमवारपासून सकाळी साडेनऊ ते दहा मोकळं ठेवून बघतो, फक्त ताजी दुखणी. काम झालं तर सांगतो.

फोनवरची_ताई

डॉक्टरसाहेब, चांगलंय. पण "फक्त रिपोर्ट दाखवायचाय"वाले सव्वानवालाच येऊन बसतील. त्यांना दारातून परत कोण पाठवणार, तुम्ही का तुमच्याकडची ताई?